रक्ती मूळव्याध : चिरफाड न करता रक्त थांबविणारा उपचार कोणासाठी?



शौचाला बसल्यावर रक्त पडते, ही तक्रार आपल्या वस्त्यांतील अनेक घरांत असते. पण ती बोलून दाखविली जात नाही. डोकेदुखी, गुडघेदुखी चारचौघांत सांगता येते. या जागेचे दुखणे मात्र नवरा बायकोला सांगत नाही आणि बायको घरात कोणालाच सांगत नाही. दोन-तीन वर्षे रक्त जात राहते. मग एके दिवशी जिना चढताना धाप लागते, कामावर चक्कर येते, रक्त तपासले जाते आणि हिमोग्लोबिन ६ किंवा ७ निघते. तेव्हा कुठे मूळ कारणाची चौकशी सुरू होते.

लाजेच्या जोडीला भीती असते. "त्या जागेवर चिरफाड नको" म्हणून माणसे दवाखाना टाळतात आणि "ऑपरेशनशिवाय मूळव्याध मुळासकट बरी" अशा पाट्या लावलेल्या ठिकाणी जाऊन पैसे घालवितात. चिरफाड न करता रक्त थांबविण्याचा एक शास्त्रीय उपचार आज खरोखर उपलब्ध आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून मूळव्याधीला रक्त पुरविणारी धमनी आतून बंद केली जाते. हा उपचार खरा आहे, उपयोगीही आहे. पण तो सर्वांसाठी नाही आणि पहिला उपचार तर नाहीच. तो काय आहे, कोणाला लागतो आणि त्याच्या आधी काय करायचे, हे या लेखात समजून घेऊ.

मूळव्याध म्हणजे नेमके काय?

आपल्या गुदद्वाराच्या आत, कडेने, रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात. शौच आणि वारा धरून ठेवण्यास त्या मदत करतात. नळाला वायसर असतो, तसे त्यांचे काम. या गाद्या फुगल्या, सैल पडल्या, खाली घसरू लागल्या की त्याला आपण मूळव्याध म्हणतो. लोक त्यालाच मोड किंवा कोंब आला असे म्हणतात.

आतल्या मूळव्याधीचे चार टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात कोंब बाहेर येत नाही, फक्त रक्त जाते. दुसऱ्यात कुंथताना बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्यात बोटाने आत ढकलावा लागतो. चौथ्यात तो बाहेरच राहतो. आपला टप्पा कोणता, यावर उपचार ठरतो. म्हणून शेजारणीला जे औषध लागू पडले ते आपल्यालाही पडेल असे नाही.

आतल्या मूळव्याधीचे रक्त लालभडक असते आणि बहुधा दुखत नाही. थेंब थेंब पडते किंवा पिचकारीसारखे उडते. शौच करताना काचेने कापल्यासारखी आग होत असेल तर ती बहुतेक वेळा चीर असते, म्हणजे फिशर. बाजूला फोड येऊन त्यातून पू येत असेल तर ते भगंदर असू शकते. या तिन्ही आजारांना लोक सरसकट मूळव्याध म्हणतात, पण तिघांचे उपचार वेगळे आहेत.

वस्तीत हा त्रास का वाढतो?

मुख्य कारण बद्धकोष्ठ आणि कुंथणे. सार्वजनिक संडासाला रांग असते, दार नीट लागत नाही, रात्री दिवा नसतो. त्यामुळे बायका आणि मुली शौच रोखून धरतात आणि जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. रोखलेले शौच आत कडक होते. दिवसभर रिक्षा चालविणारे, हमाली करणारे, बांधकामावर ओझे उचलणारे, उभ्याने झाडलोट करणारे यांच्या पोटावर ताण येतो आणि वेळेवर पाणी-जेवण होत नाही. चहा, पाव, वडा यावर दिवस काढला की चोथा पोटात जात नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरही हा त्रास वाढतो. तेव्हा मूळव्याध होणे यात लाजण्यासारखे काही नाही.

आधी खात्री करा

शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, असे धरून चालू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते आणि "मूळव्याधच आहे" या समजुतीत मौल्यवान महिने निघून जातात. डॉक्टरांनी बोटाने तपासणे आणि प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीने आत पाहणे, ही दोन-चार मिनिटांची तपासणी आहे. ती न करता कोणी गोळ्या, मलम किंवा ऑपरेशनची तारीख देत असेल तर तिथे थांबू नका. स्त्री रुग्णाने तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरची बाई सोबत हवी, असे स्पष्ट सांगावे.

पुढीलपैकी काही असेल तर दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे तपासण्याबद्दल, म्हणजे कोलोनोस्कोपीबद्दल, डॉक्टरांना विचारा : वय ४५ च्या पुढे आहे, रक्त काळपट आहे किंवा शौचात मिसळलेले आहे, वजन उतरले आहे, काही आठवड्यांपासून कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असे चालले आहे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता, हिमोग्लोबिन फार कमी आहे. डांबरासारखे काळे शौच होत असेल तर रक्तस्राव बहुधा वर, जठराकडे असतो. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगा.

पहिले उपचार साधे आणि स्वस्त

सुरुवातीच्या मूळव्याधीत बऱ्याच जणांचा त्रास आहार आणि सवयी बदलल्याने आटोक्यात येतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकटची डाळ, मटकी-मूग-चवळी, मेथी-चवळई-शेपू यांसारख्या पालेभाज्या, पेरू, केळी यांतून चोथा मिळतो. तिखट थोडे कमी करावे. दिवसभरात आठ-दहा पेले पाणी प्यावे. रात्री इसबगोल घ्यायचे तर भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, नाहीतर तेच पोटात अडकते. संडासात मोबाइल घेऊन बसू नये. कळ आली की जावे, झाले की उठावे. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्याने आराम पडतो.

एवढ्याने रक्त थांबले नाही तर पहिल्या, दुसऱ्या आणि काही वेळा तिसऱ्या टप्प्यातील कोंबाला रबर बँड लावतात. कोंबाच्या मुळाशी छोटी रबरी कडी बसविली की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण आठवडाभरात कोंब सुकून गळून पडतो. आतील त्या भागाला दुखणे कळणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे भूल लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात काम होते आणि माणूस घरी जातो. कधी कधी दोन-तीन वेळा बँड लावावे लागतात. खर्चाचा विचार करता हा आपल्या लोकांसाठी फार चांगला उपचार आहे, आणि धमनी बंद करण्याच्या मोठ्या उपचाराआधी याचा विचार झाला पाहिजे.

धमनी बंद करण्याची कल्पना

वस्तीतल्या एका गल्लीत पाइप फुटून पाणी वाहत असेल तर दोन गोष्टी करता येतात. फुटलेला पाइप काढून टाकायचा, किंवा त्या गल्लीकडे येणाऱ्या लाइनची चावी बंद करायची. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये कोंब कापून काढतात, म्हणजे पाइपच काढतात. १९३७ साली इंग्लंडमध्ये मिलिगन आणि मॉर्गन या डॉक्टरांनी मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. मोठ्या कोंबांसाठी ती खात्रीची आहे, पण जखम दुखते आणि कामावर परतायला दोन ते चार आठवडे लागतात. रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडत नाही.

चावी बंद करण्याचा विचार यातून पुढे आला. आतल्या मूळव्याधीला मुख्यतः वरच्या बाजूने येणारी एक धमनी आणि तिच्या फांद्या रक्त पुरवितात. मूळव्याधीत या फांद्या जाड होतात आणि त्यांतून जोराने रक्त येते. तो जोर कमी केला की गाद्या आकसतात आणि रक्त थांबते.

हे दोन रस्त्यांनी करता येते. पहिला रस्ता खालून. जपानमधील डॉ. मोरिनागा यांनी १९९५ साली अशी नळी वापरली, जिला डॉप्लर यंत्र जोडलेले असते. गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकतात तसा धमनीचा आवाज ऐकून सर्जन नेमक्या जागी टाका घालतात आणि फांदी बांधून टाकतात. कापाकापी नसते, पण सहसा कमरेतून किंवा पूर्ण भूल द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही पद्धत आणि रबर बँड यांची तुलना झाली. एका वर्षात त्रास परत आलेले रुग्ण बँडच्या गटात ४९ टक्के आणि धमनी बांधलेल्या गटात ३० टक्के होते. मात्र गरजेप्रमाणे बँड पुन्हा लावले तर हा फरक बराच कमी होतो, आणि धमनी बांधण्याचा खर्च जास्त येतो.

दुसरा रस्ता वरून, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून. याला एम्बोलायझेशन म्हणतात. फ्रान्समधील मार्सेय शहरातील डॉक्टरांनी २०१४ साली आपल्या पहिल्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि त्यानंतर ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. भारतातही मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत ती केली जाते. हे काम सर्जन नव्हे, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर पाहत रक्तवाहिनीतून उपचार करणारे डॉक्टर.

उपचार प्रत्यक्ष कसा होतो?

हृदयाची अँजिओग्राफी कोणाच्या तरी घरात झालेली असते. हा उपचार तशाच खोलीत, तशाच टेबलावर होतो. मनगट किंवा जांघ जागेपुरती बधिर करतात. रुग्ण जागा असतो. धमनीत सुईएवढे छिद्र करून बारीक नळी आत सरकवितात. नळीतून रंगद्रव्य सोडले की पडद्यावर रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात. मूळव्याधीकडे जाणाऱ्या फांद्या ओळखून त्यांत धातूच्या तारेची अगदी बारीक गुंडाळी, ज्याला कॉइल म्हणतात, किंवा रेतीपेक्षाही बारीक कण सोडतात. फांदी बंद झाली की पुन्हा रंगद्रव्य सोडून खात्री करतात आणि नळी काढून घेतात. साधारण एक ते दोन तास लागतात. गुदद्वाराला हातही लागत नाही, त्यामुळे तिथे जखम होत नाही. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि काही दिवसांत माणूस हलक्या कामाला लागतो.

"शीर बंद केली तर ती जागा सडणार नाही का?" असा प्रश्न साहजिक आहे. त्या भागाला बाजूने आणि खालूनही दुसऱ्या धमन्यांचे रक्त मिळते. त्यामुळे वरचा जोर कमी झाला तरी मांस जिवंत राहते. मात्र ज्यांचे मोठ्या आतड्याचे किंवा गुदाशयाचे ऑपरेशन पूर्वी झाले आहे, त्यांच्या या बाजूच्या धमन्या तुटलेल्या असू शकतात. अशा रुग्णाने ते आधीच सांगितले पाहिजे.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही?

ज्यांचा मुख्य त्रास रक्त जाणे हाच आहे आणि कोंब फार बाहेर येत नाही, त्यांना हा उपचार सर्वांत उपयोगी. रबर बँड लावूनही रक्त थांबत नाही, हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करता येत नाहीत, किंवा वय आणि इतर आजारांमुळे भूल देणे धोक्याचे आहे, अशा रुग्णांना तो मोठा आधार ठरतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

कोंब कायम बाहेर असेल, बाहेरची गाठ ठणकत असेल, फिशर किंवा भगंदर असेल, तर धमनी बंद करून फायदा होत नाही. गरोदर स्त्रीवर एक्स-रेमुळे हा उपचार करत नाहीत. मूत्रपिंड अधू असेल किंवा रंगद्रव्याची ॲलर्जी असेल तर फार काळजी घ्यावी लागते. म्हणून आधी क्रिएटिनिनची तपासणी करतात. यकृताच्या आजारात, विशेषतः दारूमुळे यकृत खराब झालेल्यांत, गुदाशयातील शिरा फुगून रक्त जाते. तो प्रकार मूळव्याधीहून वेगळा असतो आणि त्याचा उपचारही वेगळा.

यशाबद्दल बोलायचे तर, आतापर्यंतच्या अभ्यासांत बहुसंख्य रुग्णांचे रक्त थांबले किंवा बरेच कमी झाले. मात्र हे अभ्यास लहान आहेत. काही जणांना रक्त पुन्हा सुरू होते आणि उपचार दुसऱ्यांदा करावा लागतो. नळी घातलेल्या जागी रक्त साकळणे, एक-दोन दिवस ठणका किंवा कळ येत राहणे, हे होऊ शकते. आतल्या अस्तराला जखम होणे क्वचित घडते. घरी आल्यावर ताप, खूप दुखणे किंवा पुन्हा भरपूर रक्त गेले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पैशाचा प्रश्न

खासगी रुग्णालयात एम्बोलायझेशनचा खर्च रबर बँडच्या तुलनेत कितीतरी जास्त असतो, कारण खोली, नळ्या आणि कॉइल महाग असतात. सावकाराकडून कर्ज काढून किंवा मंगळसूत्र गहाण ठेवून लगेच तिकडे धावण्याची गरज नाही. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. सुरुवात तेथील सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागातून करा. मोठा उपचार लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. तुम्हाला सांगितलेला उपचार योजनेत बसतो का, हे भरती होण्यापूर्वी विचारा.

जे पैसे खात्रीने वाया जातात ते पाटीवाल्या वैदूकडे. मूळव्याधीवर जळजळीत लेप लावून किंवा कसलेसे इंजेक्शन देऊन कोंब "गाळला" जातो. त्यात जागा भाजते, पू होतो आणि भरून येताना शौचाचा रस्ताच अरुंद होतो. मग खरोखरच मोठे ऑपरेशन करावे लागते.

गेलेले रक्त भरून काढा

रक्त थांबविणे हे अर्धे काम झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाळीत रक्त जाते, जेवणात सर्वांचे झाल्यावर उरेल ते, आणि त्यात मूळव्याध. अशी बाई "अशक्तपणा आहे" म्हणत वर्षे काढते. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजावा. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्यांची चौकशी करा. गोळीबरोबर चहा घेऊ नका. लिंबू-पाणी घेतले तर लोह चांगले शोषले जाते. गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकते. तसे झाले तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. बसल्या जागी चक्कर, छातीत धडधड, रक्ताच्या गाठी पडणे किंवा रक्त न थांबणे ही तातडीची लक्षणे आहेत. सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

डॉक्टरांना हे विचारा

१. माझ्या मूळव्याधीचा टप्पा कोणता? तुम्ही नळीने आत पाहिले का?

२. रक्त दुसऱ्या कशामुळे जात नाही, याची खात्री झाली का? दुर्बिणीची तपासणी लागेल का?

३. रबर बँडने काम होईल का? नसेल तर का नाही?

४. धमनी बंद करायची तर ती कोणत्या पद्धतीने, आणि असे किती रुग्ण तुम्ही केले आहेत?

५. कॉइल, औषधे, खाट असा सगळा मिळून खर्च किती? योजनेत बसतो का?

६. रक्त पुन्हा सुरू झाले तर पुढे काय, आणि त्याचा खर्च कोणाचा?

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून, मुलाकडून लिहून घ्या. डॉक्टर कामात असले तरी रुग्णाने विचारणे हा त्याचा हक्क आहे.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय एकदा काढून पाहा. एकीने तोंड उघडले की आणखी चार जणी बोलतील. त्यांतील बहुतेकींचे काम भाकरी, पाणी, तपासणी आणि फार तर रबर बँड एवढ्यावर भागेल. एखादीला धमनी बंद करण्याचा उपचार लागेल, आणि एखादीचा दुसराच आजार वेळेवर सापडेल. घरातील पुरुषांनाही हा लेख वाचून दाखवा. ते तर बायकांपेक्षा जास्त लपवितात.